उसन्या विजेचा संवाद

बंगळूर शहरातून पूर्वेकडे कोलारच्या वाटेला लागले म्हणजे होसकोटे हे तालुक्याचे गाव लागते. नावाचा अर्थ ‘नवा कोट’ असा असला तरी गाव जुने आहे, आणि मराठी माणसाला ते अगदीच परके नाही. सतराव्या शतकात विजापूर दरबाराकडून शहाजीराजांना कर्नाटकात जी जहागीर मिळाली, तीत बंगळूर, कोलार, बाळापूर, शिरे या परगण्यांबरोबर होसकोटेही होते. पुढे पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर अशा मजला करीत मद्रासेकडे जाणारा चौथा राष्ट्रीय हमरस्ता याच गावावरून गेला. २०१० साली रस्त्यांचे क्रमांक नव्याने पाडण्यात आले आणि या भागाला पंचाहत्तरावा क्रमांक मिळाला. वाट मात्र तीच राहिली.

या वाटेवर होसकोट्याजवळ टोलनाका आहे. वाहन संथपणे पुढे सरकते, आडवा दांडा वर उचलला जातो, वाहन निघून जाते. पैसे हातोहात दिले जात नाहीत की कोणी कोणाशी बोलतही नाही. बोलणे होते ते निराळ्याच दोघांत. वाहनाच्या पुढच्या काचेला आतून चिकटविलेली कागदासारखी पातळ पट्टी आपला क्रमांक नाक्यावरच्या यंत्राला सांगते. या पट्टीला ‘फास्टॅग’ असे नाव आहे. तिच्यात बॅटरी नाही, गाडीतल्या विजेशी तिचा काडीचा संबंध नाही, आणि गाडी वर्षभर उभी राहिली तरी तिचे काही झिजत नाही. मग ती बोलते कशाच्या बळावर? आणि तिची भाषा देशातल्या प्रत्येक नाक्याला सारखीच कशी कळते? पहिला प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे आणि दुसरा व्यवहाराचा. दोहोंचा इतिहास मात्र एकमेकांत असा काही गुंतला आहे की एकाला सोडून दुसरा सांगता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे स्वरूप जुन्या काळच्या व्यापाऱ्याला चटकन कळले असते. मराठी अमदानीत माल घेऊन निघालेल्या वाणी-उदम्याला वाटेवरच्या जकातचौक्यांशी गाठ घ्यावी लागे. थळभरीत, थळमोड, गुरांच्या विक्रीवरची शिंगशिंगोटी, अशी या करांची नावे दप्तरांतून आढळतात. ज्याच्यापाशी सरकारी दस्तक असे त्याला चौकीवाल्याने अडवावयाचे नाही, असा रिवाज होता. दस्तक म्हणजे तरी काय? कागदाचा एक तुकडा व त्यावर शिक्का. त्याची किंमत कागदात नव्हती. पुढच्या चौकीवरच्या माणसाने तो शिक्का ओळखावा व मानावा, यात होती. जेथे शिक्का ओळखला जाणार नाही तेथे दस्तक असून नसून सारखेच. आज ज्याला तांत्रिक मानक म्हणतात ते याहून फारसे निराळे नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळावयाचे. त्यासाठी सव्वाशे वर्षांहून अधिक मागे, कलकत्त्यास जावे लागते. हाइन्‍रिख हर्ट्‌झ या जर्मन शास्त्रज्ञाने विद्युच्चुंबकीय लहरींचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले ते १८८६ ते १८८८ या काळात. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १८९५ मध्ये, प्रेसिडेन्सी कॉलेजातील प्राध्यापक जगदीशचंद्र बसू यांनी कलकत्त्याच्या नगरभवनात भिंतींपलीकडे अशा लहरी पाठवून घंटा वाजवून दाखविली व बंदुकीची दारू उडवून दाखविली. ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यापेक्षा कमी ऐकिवात असलेली, पण प्रस्तुत विषयाला अधिक जवळची गोष्ट पुढची आहे. लहर आली आहे हे ओळखावयाचे कसे, या प्रश्नाच्या मागे लागून बसूंनी गॅलेना नावाच्या शिशाच्या खनिजाचा उपयोग केला. या स्फटिकावर धातूचे टोक टेकविले असता वीज एका दिशेने सहज जाते, उलट दिशेने जावयास मात्र अडते. या ग्राहकाच्या एकस्वासाठी अमेरिकेत १९०१ साली अर्ज करण्यात आला व १९०४ च्या मार्चमध्ये एकस्व मिळाले. एकस्वे घेऊन द्रव्यार्जन करावे ही वृत्ती बसूंच्या ठायी नव्हती, हे तर प्रसिद्धच आहे.

स्फटिकाचा हा गुण दिसावयास साधा, परंतु त्याचे परिणाम दूरवर पोचणारे होते. बिनतारी लहर ही क्षणात लक्षावधी वेळा उलटसुलट होणारी वीज. ती जशीच्या तशी काही कामाची नाही, कारण पुढे गेलेले पाऊल दुसऱ्याच क्षणी मागे येते. एकाच दिशेने जाऊ देणारे दार तिच्या वाटेत बसविले की मागे येणारा भाग अडतो आणि पुढे जाणारा तेवढा साठत जातो. म्हणजे आकाशातून आलेल्या लहरीत जे काही थोडे बळ असेल ते खर्चावयास मिळते. क्रिस्टल सेट नावाने जो स्वस्त रेडिओ एके काळी घरोघरी तयार होत असे त्याचे मर्म हेच होते. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे ध्वनिक्षेपण केंद्र सुरू झाले. त्याची शक्ती अवघी दीड किलोवॅट होती. तरीही शहरातल्या शहरात तारेचे वेटोळे, स्फटिक व कानाला लावावयाचे श्रवणयंत्र एवढ्या सामग्रीवर गाणे ऐकता येई. ऐकणाऱ्याच्या घरी वीज नसली तरी बिघडत नसे. कानातला पडदा ज्या बळाने थरथरे ते बळ मुंबईच्या केंद्रातूनच आलेले असे. (ध्वनिक्षेपणाला ‘आकाशवाणी’ हे नाव प्रथम लाभले ते मात्र कर्नाटकात. म्हैसूरचे मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये जे खाजगी केंद्र काढले, त्याचे हे नाव.)

पुढे व्हॉल्व्ह आले, ट्रान्झिस्टर आले, बॅटरी स्वस्त झाली, आणि हे शहाणपण मागे पडले. वीज मुबलक असली की तिचा हिशेब कोण ठेवतो? मोठ्या आवाजाच्या रेडिओपुढे कानाला लावावयाचा क्रिस्टल सेट पोरखेळ वाटू लागला. परंतु ज्यांना उपकरण लपवावयाचे होते त्यांना बॅटरी नसण्याचे महत्त्व आधी कळले. ४ ऑगस्ट १९४५ रोजी सोव्हिएट शाळकरी मुलांनी मॉस्कोतील अमेरिकन राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना लाकडात कोरलेले अमेरिकेचे राजचिन्ह भेट दिले. राजदूताच्या निवासस्थानी ते सात वर्षे भिंतीवर टांगलेले होते. आत एक लहानशी धातूची पोकळी, तिच्यावर पातळ पडदा आणि एक छोटी तार होती. बॅटरी नव्हती व विजेची जोडणीही नव्हती. बाहेरून कोणी विशिष्ट कंपनसंख्येच्या लहरी त्या दिशेला सोडल्या म्हणजे खोलीतल्या बोलण्याने थरथरणारा पडदा त्या लहरींत फरक पाडी आणि परतलेल्या लहरींतून संभाषण ऐकू येई. लहरी बंद केल्या की ते चिन्ह पुन्हा निव्वळ लाकूड होई. म्हणूनच १९५२ पर्यंत ते कोणाला सापडले नाही. ही करामत लेव्ह तेर्मेन या संशोधकाची. संगीताच्या जाणकारांना त्याचे नाव हात न लावता वाजविण्याच्या ‘थेरेमिन’ या वाद्यामुळे माहीत असते.

तेर्मेनची युक्ती क्रिस्टल सेटच्या एक पायरी पुढची आहे. क्रिस्टल सेट ऐकतो. हे यंत्र उत्तर देते, आणि तेही स्वतःची लहर उत्पन्न न करता. ऊन पडले असता आरसा हलवून दूरच्या माणसाला खूण करता येते. प्रकाश आपला नसतो, हात मात्र आपला असतो. हे तत्त्व शास्त्रीय रीतीने मांडण्याचे श्रेय हॅरी स्टॉकमन यांचे. परावर्तित शक्तीच्या साहाय्याने संदेशवहन, या विषयावरील त्यांचा निबंध ऑक्टोबर १९४८ मध्ये अमेरिकेतील रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. व्यवहारात उतरण्यापूर्वी पुष्कळ संशोधन व्हावे लागेल, असे त्यांनी त्यातच नमूद करून ठेवले होते. तसे व्हावयास पंचवीस-तीस वर्षे लागली, कारण उत्तराचा हात हलविणारी बुद्धी त्या चिमुकल्या पट्टीत बसविण्याइतके सूक्ष्म मंडल तोवर तयार होत नव्हते. मारिओ कार्डुलो यांनी अशा एका उपकरणाचे प्रात्यक्षिक १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदर-प्राधिकरणाला दाखविले व १९७३ मध्ये त्यांना एकस्व मिळाले. त्यांच्या डोळ्यांपुढे आरंभापासूनच पथकराचा उपयोग होता. लॉस अलामॉस येथील डेप, केली व फ्रेमन या त्रयीने १९७५ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला त्याचा रोख गुरे ओळखण्याकडे होता. शिंगशिंगोटी घेणाऱ्या कारकुनाला तो नक्कीच आवडला असता!

होसकोट्याच्या नाक्यावर नेमके काय घडते ते आता आकड्यांत पाहता येईल. भारतात ज्या कंपनसंख्येवर हा व्यवहार चालतो ती ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ. २००५ साली सरकारने हा पट्टा परवान्यातून मुक्त केला आणि त्यावर फार तर चार वॅट परिणामी शक्ती वापरण्याची मुभा दिली. चार वॅट म्हणजे रात्री खोलीत लावावयाच्या लहानशा दिव्याची शक्ती. लहर जसजशी पुढे जाते तसतशी पसरते; अंतर दुप्पट झाले की शक्ती चौथाई होते. दहा मीटरवर पोचेपर्यंत पट्टीच्या वाट्याला शंभर मायक्रोवॅटही येत नाहीत, आणि मायक्रोवॅट म्हणजे वॅटचा दहा लाखावा भाग. पट्टीतल्या मंडलाला जागे व्हावयाला यातले सुमारे दहा मायक्रोवॅट पुरतात. तेवढ्यावर ते आपला क्रमांक वाचते व आपली तार कधी जोडून कधी तोडून परत जाणाऱ्या लहरीत तो उमटविते. परतीच्या वाटेवरही लहर तशीच पसरते, म्हणून नाक्यावरच्या यंत्राचा कान फार तिखट असावा लागतो. साऱ्या रचनेतले कष्ट असे एका बाजूला ढकललेले असतात. ज्याच्यापाशी वीज आहे त्याने ओरडावे आणि त्यानेच कान देऊन ऐकावे. ज्याच्यापाशी नाही त्याने मान हलविली म्हणजे झाले.

याच गावात भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे केंद्र आहे. तेथे बसून शास्त्रज्ञ लडाखातील हानले येथे साडेचार हजार मीटर उंचीवर उभारलेली दोन मीटर व्यासाची दुर्बीण उपग्रहाच्या बिनतारी दुव्याने चालवितात. एकाच गावात बिनतारीचा असा हिमालयापर्यंत पोचलेला हात आणि दहा मीटरवर थांबणारी ही मान, दोन्ही नांदत आहेत. पहिल्याची वर्तमानपत्रांतून वर्णने येतात; दुसऱ्याकडे मान वळवून कोणी पाहत नाही.

तथापि युक्ती सापडली म्हणजे व्यवहार चालू झाला असे होत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस अशा पट्ट्या करणारे अनेक झाले आणि प्रत्येकाची भाषा निराळी झाली. एकाची पट्टी दुसऱ्याच्या यंत्राला मुकी. मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत १९९९ मध्ये निघालेल्या केंद्राने एक समान पद्धती बसविण्याचा प्रयत्न आरंभिला. त्यातूनही प्रथम दोन न जुळणारे वर्ग निर्माण झाले. डिसेंबर २००४ मध्ये ‘जेन-टू’ नावाने ओळखला जाणारा दुसऱ्या पिढीचा नियम मान्य झाला व २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने तो आपल्या १८०००-६सी या मानकात अंतर्भूत केला. या नियमात एक कलम पाहण्यासारखे आहे. एकाच वेळी शेकडो पट्ट्यांवर लहर पडली तर सगळ्या एकदम बोलू लागतील आणि कोणाचेच ऐकू येणार नाही. म्हणून यंत्र प्रथम एक आकडा पुकारते, प्रत्येक पट्टी त्याच्या मर्यादेत मनाशी एक अंक धरते, आणि ज्याची पाळी येईल त्याने बोलावयाचे. चाळीस मुलांच्या वर्गात गुरुजी जे साधतात तेच दहा मायक्रोवॅटांत साधावयाचे होते.

भारतात हा प्रश्न २०१० साली ऐरणीवर आला. महामार्गांवर नाके वाढत चालले होते, रांगा वाढत होत्या, आणि वेगवेगळे ठेकेदार वेगवेगळी यंत्रे बसवू पाहत होते. सरकारने बंगळूरचे नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यापुढे पर्याय होते. युरोपात रुळलेली सूक्ष्मलहरींची पद्धत होती. ती जलद होती व कसाला उतरलेली होती, परंतु तिच्या पेटीत बहुधा बॅटरी असे व पेटी महाग पडे. समितीने बॅटरी नसलेली पट्टी व जेन-टूचा खुला नियम यांची शिफारस केली. हा निर्णय वरवर पाहता काटकसरीचा दिसतो. वस्तुतः तो त्याहून अधिक काही होता. ज्या देशात कोट्यवधी वाहने आहेत व त्यांतली कित्येक मालकाच्या कर्जावर चालतात, तेथे प्रत्येक वाहनाला दर काही वर्षांनी बॅटरी बदलावयास लावणारी व्यवस्था श्रीमंतांच्या मोटारींपुरतीच उरली असती. शिवाय नियम खुला असल्यामुळे पट्टी एकाची, यंत्र दुसऱ्याचे आणि बँक तिसरी, हे शक्य झाले. नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबई–अहमदाबाद रस्त्यावर फास्टॅगचा प्रयोग सुरू झाला, डिसेंबर २०१७ पासून नव्या मोटारींना तो लावूनच विकण्याचे बंधन आले, आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर तो सक्तीचा झाला. पट्टी नसेल त्याला दुप्पट पथकर पडू लागला. सक्तीमुळे गैरसोय झालेल्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. परंतु एका दस्तकावर सारा देश ओलांडता येण्याची सोय त्या रिवाजाला आजवर कधी जमली नव्हती, हेही तितकेच खरे.

पट्टीला मात्र एक मर्यादा आहे. तिला फक्त आपले नाव सांगता येते, आणि तेही कोणी समोर येऊन विचारले तरच. जमिनीत ओल किती आहे, गोदामात उष्मा किती वाढला, पुलाच्या तुळईला तडा गेला काय, हे सांगणारी उपकरणे हवी असतील तर त्यांना मोजमाप करावे लागते, आठवण ठेवावी लागते व वेळ येईल तेव्हा आपण होऊन बोलावे लागते. या शतकाच्या पहिल्या दशकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रसंस्थेच्या सहकार्याने तुमकूर जिल्ह्यातील पावगड तालुक्यात असा प्रयोग केला. चेन्नकेशवपुर या अवर्षणग्रस्त गावात कोरडवाहू शेतकऱ्यांना पाण्याचा निर्णय करता यावा म्हणून शेतात ओल मोजणारी बिनतारी उपकरणे पेरण्यात आली. त्यांना अर्थातच बॅटऱ्या होत्या. प्रयोगशाळेच्या मेजावर बॅटरी बदलणे हा क्षणाचा उद्योग. उन्हातान्हात, चिखलात, रानभर विखुरलेल्या पेट्यांच्या बॅटऱ्या बदलणे हा निराळाच उद्योग. शंभर पेट्यांचे गणित जमले तरी लाख पेट्यांचे जमत नाही. याच विज्ञान संस्थेत पुढे शून्य-ऊर्जा जाळ्यांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली, ती याच प्रश्नाच्या पोटी.

भोवतालातून वीज गोळा करावी हा विचार मग पुढे आला. भर दुपारच्या उन्हात एका चौरस सेंटीमीटरवर सुमारे शंभर मिलिवॅट शक्ती पडते. घरात, दिव्याच्या उजेडात तीच शंभर मायक्रोवॅटांच्या आसपास येते, म्हणजे हजारावा हिस्सा. आणि आसपास भटकणाऱ्या बिनतारी लहरींतून तर मायक्रोवॅटाचाही पुष्कळदा अंशच हाती लागतो. सीमेन्स कंपनीतून फुटून २००१ मध्ये म्यूनिकजवळ निघालेल्या एन‌ओशन या संस्थेने बोटाने बटण दाबण्याच्या श्रमातून वीज काढून दिव्याला बिनतारी आज्ञा देणारी बटणे बनविली. २०१२ मध्ये त्या पद्धतीलाही आंतरराष्ट्रीय मानकाचे स्थान मिळाले. बटणापुरते ते ठीक आहे, कारण दाबणाराच वीज पुरवितो. शेतातल्या पेटीला कोण दाबणार?

अडचणीचे खरे मूळ संदेशवहनाच्या रूढ नियमांतच होते. ते नियम पोटभर जेवलेल्यांनी जेवलेल्यांसाठी लिहिलेले होते. बिनतारी जाळ्यात वावरणाऱ्या उपकरणाने सतत कान उघडे ठेवावेत, घड्याळ अचूक राखावे, केंद्राने हाक मारताच ओ द्यावी, बोलण्यापूर्वी वाट मोकळी आहे काय ते तपासावे, असे ते गृहीत धरतात. यात बोलण्यापेक्षा ऐकत बसणेच अधिक खर्चाचे ठरते, कारण बोलणे क्षणभर असते आणि ऐकणे दिवसभर. हा खर्च टप्प्याटप्प्याने कमी होत गेला. आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेने २००३ मध्ये मंद गतीच्या, अल्प शक्तीच्या जाळ्यांसाठी ८०२.१५.४ हा नियम केला. २०१० मध्ये ब्लूटूथची अल्पऊर्जा शाखा निघाली. वायफायच्या घराण्यात २०२१ मध्ये ८०२.११बीए या नियमाने मुख्य यंत्र झोपवून ठेवून एक मिलिवॅटाहून कमी शक्तीवर जागणारा दुसरा, पहारेकरी कान बसविला. परंतु ज्याच्या वाट्याला दहा मायक्रोवॅटच येतात त्याला मिलिवॅटाचा पहारेकरीही परवडणारा नाही. शंभर जणांचे अन्न एकट्या राखणदाराने खावे, असा तो प्रकार होतो. शिवाय भोवतालची वीज कधी येते, कधी येत नाही. वाक्य अर्धे असता उपकरण निःशक्त होते आणि पुन्हा शुद्धीवर येते तेव्हा आपण कोठे होतो हे त्याला आठवत नाही.

अशा स्थितीत तेर्मेनच्या लाकडी चिन्हाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष पुन्हा वळले. मद्रासच्या आय.आय.टी.त शिकलेले श्याम गोल्लाकोटा यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात सहकाऱ्यांसह २०१३ मध्ये असे दाखवून दिले की खास लहर सोडणारे यंत्रही लागत नाही. आकाशात आधीच पसरलेल्या टेलिव्हिजनच्या लहरी परतवून बॅटरी नसलेली दोन उपकरणे एकमेकांशी बोलू शकतात. अंतर काही हातांचे होते, वेग गोगलगाईचा होता; परंतु दुसऱ्याच्या कार्यक्रमाच्या उजेडात आपला आरसा हलविता येतो एवढे निश्चित झाले. तेव्हापासून प्रश्न प्रयोगशाळेतून नियम लिहिणाऱ्यांच्या सभागृहात गेला.

ते सभागृह काही दिवसांपुरते बंगळूरात होते. मोबाइल टेलिफोनचे जागतिक नियम करणाऱ्या थ्रीजीपीपी या संघटनेची स्थापना डिसेंबर १९९८ मधली. तिच्या सात भागीदार संस्थांत भारताची टीएसडीएसआय ही एक. तिच्या यजमानपदाखाली सप्टेंबर २०२३ मध्ये रेडिओ-शाखेची एकशे एकावी सर्वसाधारण बैठक बंगळूरला भरली आणि भोवतालच्या ऊर्जेवर चालणाऱ्या उपकरणांविषयीचा तिचा प्राथमिक अहवाल त्याच महिन्यात सिद्ध झाला. त्यात उपकरणांचे तीन वर्ग पाडलेले आहेत. पहिल्यापाशी साठा नाही व स्वतःचा आवाज नाही. तो निव्वळ परतवितो, आणि त्याने दहा मायक्रोवॅटांच्या आत भागवावयाचे आहे. दुसऱ्यापाशी थोडी शिदोरी आहे, आवाज मात्र उसनाच. तिसरा साठ्याच्या बळावर स्वतःची लहर काढतो व त्याला दहा मिलिवॅटांपर्यंत मोकळीक आहे. वायफायचे नियम करणाऱ्यांनीही २०२४ मध्ये अशाच कामासाठी स्वतंत्र गट नेमला.

वर्गवारी कोरडी वाटते, पण तिच्या आड मोठे हितसंबंध आहेत. उपकरणावर लहर सोडावयाची कोणी? मोबाइलच्या मनोऱ्याने सोडली तर त्या उपकरणाचा श्वास मनोरा चालविणाऱ्या कंपनीच्या हाती जातो व प्रत्येक पोत्यामागे, प्रत्येक खोक्यामागे भाडे लागू शकते. घरातल्या यंत्राने खुल्या पट्ट्यात सोडली तर ते भाडे टळते, पण लहरींच्या गर्दीत खात्री उरत नाही. नियमात ज्याचे एकस्व शिरेल त्याला जगभरातून वर्षानुवर्षे वर्गणी मिळेल. म्हणूनच अशा बैठकांना अभियंत्यांइतकेच वकीलही तयारीनिशी येतात. भारताला हा अनुभव नवा नाही. खेड्यांत मनोरे विरळ असतात, म्हणून एका मनोऱ्याने अधिक दूरवर पोचावे यासाठी टीएसडीएसआयने ‘फाइव्ह-जी-आय’ हा स्वतःचा नियम मांडला होता व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने तो मान्यही केला. परंतु एका देशापुरते यंत्र बनविण्यास निर्माते राजी नव्हते. अखेर २०२१ च्या डिसेंबरात तो सर्वसाधारण नियमांत विलीन करण्यात आला. काहींना ती माघार वाटली. दस्तकाच्या न्यायाने पाहता ती माघार नव्हे. आपला शिक्का सर्वांच्या शिक्क्यात उमटविणे हाच शहाणपणाचा मार्ग होता.

दुसरा प्रश्न पैशाचा नाही, आणि तो मॉस्कोतल्या त्या भिंतीपासून चालत आलेला आहे. ज्याला स्वतःचे बळ नाही त्याला नकार देण्याचेही बळ नसते. पट्टी कोणी विचारले हे पाहत नाही. लहर पडली की बोलते. जेन-टूच्या कर्त्यांना याची जाणीव होती. गुप्त शब्द देऊन पट्टीला कायमची मुकी करण्याची आज्ञा त्यांनी नियमात ठेवली, आणि २०१३ च्या सुधारित आवृत्तीत विचारणाऱ्याची ओळख पटवून घेण्याची व आपला माग न लागू देण्याची सोयही केली. पण ओळख पटविणे म्हणजे गणित करणे, आणि गणिताला वीज लागते. दहा मायक्रोवॅटांच्या संसारात बोलण्यासाठी किती ठेवावयाचे व सावधगिरीसाठी किती, हा वाद आजच्या नियमकर्त्यांपुढेही तितकाच जिता आहे. मोटारीच्या पट्टीपुरता तो फारसा बोचत नाही. औषधाच्या डबीवर, अंगातल्या सदऱ्यावर अशी पट्टी बसेल तेव्हा बोचेल.

डिसेंबर २०२४ मध्ये थ्रीजीपीपीने अभ्यास पुरा करून प्रत्यक्ष नियम लिहिण्याचे काम हाती घेतले. पहिल्या आवृत्तीची व्याप्ती मुद्दाम आखूड ठेवण्यात आली. सुमारे एक मायक्रोवॅटावर चालणारे, केवळ परतविणारे उपकरण तेवढे तीत घेतले. जागा छपराखालची, म्हणजे गोदामे, कारखाने व दुकाने. कामे दोन, मालाची गणती करणे व उपकरणाला आज्ञा देणे. मोजमाप करून कळविणारी उपकरणे आणि उघड्यावरच्या जागा या आवृत्तीत आल्या नाहीत. पावगडच्या रानातली पेटी पुढच्या आवृत्तीची वाट पाहत बाहेर राहिली.